माडावरची बैठक

हेडमास्तराला सगळे येते, असा एक गोड समज आपल्या सीमाभागात अजून शिल्लक आहे. कन्नडमध्ये आलेली नोटीस वाचून दाखवा, उताऱ्यावरचे नाव दुरुस्त करण्याचा अर्ज लिहून द्या, मुलीच्या सासरी पाठवायच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ बघा, ही कामे मी गेली तीस वर्षे बिनबोभाट करीत आलो. पण माडावर चढणाऱ्याने कमरेला कोणता पट्टा बांधावा, या प्रश्नाचे उत्तर एम. ए.च्या कोणत्याही पेपरात आलेले नव्हते.

माझी नोकरी बेळगावात आणि घर आंबोली घाट उतरल्यावर, बांद्याच्या बाजूला. घरामागे बेचाळीस माड आणि थोड्या पोफळी. माड बहुतेक बाणवली, म्हणजे उंच जातीचे. आजोबांनी लावलेले काही तर आता पन्नास-साठ फुटांवर गेले आहेत. आमच्याकडे नारळ काढायला वर्षानुवर्षे एकच पाडेली येतो. आज त्याने साठी ओलांडली आहे. पायांत काथ्याचा फेरा, पाठीशी कमरेच्या आकडीला लावलेला कोयता आणि छातीवर, नडगीवर माडाने घासून घासून केलेले घट्टे, एवढीच त्याची सामग्री. चढताना तो माडाला मिठी मारत नाही. दोन हातांच्या अंतरावर राहून, फेरा दाबून, जिना चढावा तसा चढतो. बघणाऱ्याला वाटते की यात अवघड काही नसावे.

अवघड काय आहे ते त्याच्या थोरल्या भावाच्या घरी गेल्यावर कळते. २००९ सालच्या श्रावणात, पाऊस उघडल्यासारखा वाटला म्हणून तो चढला आणि ओल्या बुंध्यावरून खाली आला. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. त्या खाटेकडे बघत वाढलेला त्याचा पुतण्या, म्हणजे आमच्या पाडेल्याचा मुलगा, बारावी झाल्यावर दोन वर्षे गोव्यात एका हॉटेलात कामाला होता. तिथून परत आला आणि म्हणाला, मी माडावर चढणार. माणसे मिळत नाहीत, मागणी आहे, दिवसाचे पैसे हॉटेलपेक्षा बरे मिळतात. हिशेब चोख होता. बाप काही बोलला नाही. आई मात्र आमच्या ओटीवर येऊन बसली.

"मास्तरांनु, तुमी शिकलेले. खयचो पट्टो घेवचो ता तुमीच सांगा. झील वर आसताना माझ्या घशाखाली घास उतराक व्हयो."

अशा प्रश्नाला 'बघतो' एवढेच उत्तर देता येते. मग खरोखरच बघावे लागते.

सुरुवात शब्दापासूनच झाली, कारण ती माझी खोड आहे. या वस्तूचे इंग्रजी नाव हार्नेस. कोश उघडला तर अर्थ निघाला, घोड्याचा साज. माणसाला कसा सांगणार, की तुझ्यासाठी साज शोधतो आहे! बेळगावच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे माझ्या आधी आलेला एक मुकादम कन्नडमध्ये 'सेफ्टी बेल्ट बेकू' म्हणत होता. मीही मराठीत सेफ्टी बेल्टच मागितला. आपल्याकडे भाषेवरून इतकी वर्षे इतके काही झाले, पण या वस्तूच्या बाबतीत दोन्ही भाषांनी बिनविरोध एकच शब्द पत्करला आहे.

दुकानदाराने दोन वस्तू काढल्या. एक नुसता कमरपट्टा आणि दुसरा अंगभर बांधायचा पट्टा. पहिला स्वस्त. पण नुसत्या कमरपट्ट्यावर माणूस उंचावरून पडला, तर तो सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो. पट्टा वर सरकून बरगड्यांत रुतण्याची किंवा माणूस त्यातून निसटण्याचीही भीती असते. पडणाऱ्याला अडवण्यासाठी असा पट्टा वापरायला अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. तेव्हा तो बाजूला ठेवला. दुसरा, खांद्यांवरून आणि मांड्यांतून पट्ट्या जाणारा, इमारतीच्या परातीवर काम करणारे लोक वापरतात तो. आपल्याकडे अशा पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे आणि तो आकडा शिक्क्यावर आहे की नाही हे बघून घ्यावे, एवढे ज्ञान मला त्या दिवशी झाले. मी तो पट्टा विकत घेतला.

दुसरा पट्टा मिळाला शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून. हा गडी सह्याद्रीतले सुळके चढतो. त्याचा पट्टा हलका, हातरुमालासारखा घडी होणारा. तिसरा आला बंगळूरहून. तिथे मोठ्या झाडांच्या फांद्या छाटण्याच्या कामात असलेला आमचाच एक जुना विद्यार्थी सुट्टीत गावी आला होता. त्याने आपला परदेशी बनावटीचा पट्टा दोन दिवसांच्या बोलीवर दिला. किंमत विचारली तर तीस हजारांच्या घरात. मी तो गाडीत मांडीवर घेऊन घाट उतरलो.

पट्टा दुकानात उभ्याने नेसून कळत नाही, ही या बंगळूरवाल्याची शिकवण. उभे असताना सगळेच पट्टे चांगले वाटतात. त्यात बसायचे, लटकायचे, आणि तेही दोन मिनिटे नव्हे. म्हणून आम्ही घरामागच्या फणसाच्या जाड फांदीवरून दोर टाकला आणि जमिनीपासून दोन फुटांवर, समोर ओटीवरचे घड्याळ ठेवून, परीक्षा सुरू केली. पर्यवेक्षक मी. असली परीक्षा मी आयुष्यात प्रथमच घेत होतो.

इमारतीचा पट्टा पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाला. त्याची मुख्य कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध असते. पडलेल्या माणसाला अडवून धरायला ती जागा योग्यच आहे. पण तिच्यावर लटकून काम करता येत नाही. माणूस पुढे झुकतो, हात मोकळे पण समोर धरायला काही नाही, आणि सगळा भार जांघेतल्या दोन अरुंद पट्ट्यांवर. मुलगा खाली उतरला आणि म्हणाला, "सर, हेच्यात बसान माका नारळ नाय, तारे दिसतत."

सुळके चढणाऱ्यांचा पट्टा जास्त वेळ टिकला. कडी पुढे असल्याने माणूस त्यात नीट बसतो. पण बारा-तेरा मिनिटांनी पायांना मुंग्या आल्या. तो पट्टा बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. गिर्यारोहक बराच वेळ स्वतःच्या हातापायांवर असतो, पट्ट्याचे काम घसरला तर झेलण्याचे. तो हलका हवा, म्हणून अरुंद. झाडावरच्या कामकऱ्याला मात्र तासन् तास पट्ट्यातच राहायचे असते. त्याला झेलणारा नको, बसवणारा हवा. युरोपातल्या मानकांतही हे वेगवेगळे मानले आहे. पडणे अडवणाऱ्या अंगभर पट्ट्याला ईएन ३६१, बैठकीच्या पट्ट्याला ईएन ८१३, आणि खांबाला किंवा बुंध्याला वेढा घालून तोल सांभाळण्याच्या कमरपट्ट्याला ईएन ३५८. झाडावरच्या चांगल्या पट्ट्यावर शेवटचे दोन आकडे बहुधा एकत्र सापडतात.

मग तो तीस हजारांचा. पाठीशी वीतभर रुंद, मांड्यांनाही रुंद आधार, समोर दोन बाजूंना जोडणारा एक छोटा दोर आणि त्यावर सरकणारी कडी. त्या सरकत्या कडीमुळे डावीउजवीकडे वळताना सगळा पट्टा अंगाबरोबर पिळवटत नाही. मुलगा वीस मिनिटे बसला, पाय हलवत बसला, शेवटी मीच वेळ संपल्याचे सांगितले. पर्यवेक्षकानेही एकदा बसून बघावे, असा ओटीवरून आग्रह झाला म्हणून मीही बसलो. हेडमास्तरांना फणसाला टांगलेले बघायला वाडीतली सगळी पोरे जमली. त्यांच्या आनंदाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण त्यामुळे एक गोष्ट माझ्या शरीराला कळली, जी पुस्तकातून कळली नसती. पट्टा टोचतो तो कडांनी. मऊ अस्तर बोटाने दाबून बघून उपयोग नाही. भार आल्यावर पट्टीची कड मांडीत वळते की सपाट राहते, ते बघायचे.

तरीही तो पट्टा आमच्या कामाचा नव्हता, आणि केवळ किमतीमुळे नव्हे. तो दोन किलोंच्या आसपास वजनाचा. जाड अस्तर थंड देशात सुखाचे असेल, पण कोकणच्या एप्रिलमध्ये ते तासाभरात घामाने भिजते आणि भिजलेले अस्तर कातडी सोलते. शिवाय मापाचा प्रश्न. आमच्या पाडेल्याच्या मुलाची कंबर अठ्ठावीस. तो पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी मांडीचे वळसे सैलच राहिले. कमरेचा पट्टा कुल्ह्याच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, खाली घसरला तर उलटे होताना माणूस त्यातून बाहेर येऊ शकतो. आणि मांडी व पट्टी यांच्यामध्ये सपाट पंजा सरकावा, मूठ मावू नये. हे दोन्ही त्याच्या बाबतीत जमेना.

त्याहून मोठे कारण खुद्द माडात आहे. गोव्यात २०१६ साली माडाला कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळले आणि २०१७ साली परत आत घेतले, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. पण पट्ट्याच्या दृष्टीने बघितले तर माड खरोखरच इतर झाडांसारखा नाही. आंबा, फणस, चिंच यांना फांद्या असतात. वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यावा आणि त्यावर लटकून सगळे झाड फिरावे. तो महागडा पट्टा अशा झाडांसाठी आहे. माडाला बेचके नाही. वर झावळ्या आहेत, पण झावळीच्या देठावर विसंबणे म्हणजे आज ना उद्या गळणाऱ्या गोष्टीवर जीव टांगणे. म्हणजे उरतो फक्त बुंधा. बुंध्याभोवती दोराचा वेढा घ्यायचा, त्याची टोके कमरेच्या दोन बाजूंच्या कड्यांना अडकवायची आणि मागे रेलून काम करायचे. असे रेलल्यावर भार येतो तो मांड्यांवर कमी, पाठीच्या खालच्या भागावर जास्त. तेव्हा माडासाठी पाठीशी रुंद, बाजूला दोन कड्या असलेला आणि पाय सुटलेच तर बसवून धरण्यापुरत्या मांडीच्या पट्ट्या असलेला पट्टा हवा. पोफळीची गोष्ट निराळी. तिथे एका झाडावरून झोका घेऊन दुसरे पकडणारे लोक आहेत, त्यांना कुठल्याच पट्ट्याने बांधता येणार नाही.

मुलगा यंत्रावर चढणार होता, हेही लक्षात घ्यायला हवे होते. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने तयार केलेले यंत्र आता आपल्याकडेही दिसते. दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीला बुंध्याभोवती जाणारा तारेचा वेढा. एका पायावर भार दिला की ती चौकट बुंध्याला आवळते, दुसरी उचलून वर सरकवायची. नारळ विकास मंडळाने २०११ साली 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाचे सहा दिवसांचे प्रशिक्षण सुरू केले ते याच यंत्रांच्या बळावर. त्यात बायकाही शिकल्या. मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' ही अपघात विम्याची योजनाही आहे. यंत्र उत्तम आहे. पण त्यात पाय अडकलेले आणि कंबर मोकळी. घेरी आली किंवा तोल गेला, तर माणूस पडत नाही, उलटा लटकतो. म्हणून यंत्र आले म्हणजे पट्ट्याची गरज संपली असे नाही, उलट वाढली.

आमच्या पाडेल्याला हे सगळे पटले नव्हते. तो फणसाखाली बसून विडी ओढत एवढेच म्हणाला, "पट्टो बांदलेलो माणूस माडाक धरणा नाय, पट्ट्याक धरता." मला हे वाक्य हसण्यावारी नेता आले नाही. त्यात चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पट्टा बांधला म्हणून निष्काळजी झालेला माणूस पट्ट्याविना सावध असलेल्या माणसापेक्षा धोक्यात असतो, हे खरेच. पण त्याचा भाऊही सावधच होता.

आणि इथेच मला सुखकर पट्ट्याचे महत्त्व कळले. लोकांना वाटते, सुरक्षितता ही गरज आणि आराम ही चैन. काचणारा पट्टा पहिले चार दिवस बांधला जातो. पाचव्या दिवशी 'आज दोनच माड आहेत' म्हणून तो खुंटीवर राहतो. खुंटीवरच्या पट्ट्याला कितीही वजन पेलण्याचे प्रमाणपत्र असले तरी त्याचा उपयोग खुंटीला. जो पट्टा अंगावर असल्याचे विसरायला होते, तोच रोज अंगावर राहतो.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. भारतीय बनावटीचा, पाठीशी रुंद पण अस्तर बेताचे आणि जाळीदार, कमरेला व दोन्ही मांड्यांना वेगवेगळ्या सैल-घट्ट होणाऱ्या पट्ट्या, बाजूला दोन कड्या, पुढे एक. सर्वांत लहान माप मागवले. तो मुलाने कामाच्या हाफपँटवर बांधून बघितला, जीनवर नव्हे, आणि पाठीशी कोयता लावून. कोयत्याची आकडी पट्ट्यावर नेमकी कुठे येते आणि हात मागे नेल्यावर मूठ सापडते का, हे बघायला अर्धा दिवस गेला. सकाळी पेज पिऊनही बांधला. रिकाम्या पोटी बरोबर बसलेला पट्टा पेजेनंतर पोटात रुततो, ही गोष्ट कुठल्याही मानकात लिहिलेली नसावी.

वेढ्याचा दोर मात्र स्वस्तातला घ्यायचा नाही, हे बंगळूरवाल्याने बजावले होते. ताणलेल्या नायलॉनच्या दोराला धारदार कोयता नुसता चाटून गेला तरी तो तुटू शकतो. म्हणून आत पोलादी तार असलेला दोर घेतला, आणि झावळी किंवा पेंड तोडताना एकाऐवजी दोन दोर बांधलेले हवेत असे ठरले. तारही कापली जात नाही असे नाही, पण सावरायला सवड मिळते. शिवाय एकट्याने चढायचे नाही. पट्ट्यात शुद्ध हरपून निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते, त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते. खाली कुणीतरी असणे पुरेसे नाही, वर जाऊन उतरवून आणू शकणारा असला पाहिजे. आमच्या मुलाने आपल्या मामेभावाला या कामासाठी शिकवले.

पैशाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. पट्टा, दोर आणि कड्या मिळून जो खर्च आला, तो त्या घराला परवडणारा नव्हता. मी शेजारच्या चार वाडीवाल्यांकडे शब्द टाकला. तिघे तयार झाले. चौथे म्हणाले, "आमच्या आज्याच्या येळार खय होतो पट्टो?" आज्याच्या वेळी घरात वीजही नव्हती आणि मोबाइलही नव्हता, पण त्यांच्याविना कुणी राहत नाही. जुन्याचा अभिमान आपल्याला नेमका दुसऱ्याच्या जिवाच्या बाबतीतच आठवतो. त्या गृहस्थांचे नारळ आजही तोच मुलगा काढतो, पट्टा बांधूनच. आम्ही चौघांनी खर्च उचलला आणि तो मजुरीतून वळता करायचा नाही असे ठरवले. माझे स्पष्ट मत आहे की नारळ ज्याचे, पट्टा त्याच्या पैशाने. खाली उभे राहून 'ती पेंड राहिली, तीही काढ' असे सांगणारा माणूस मीच असतो.

आता दोन पावसाळे झाले. पट्टा साध्या साबणाच्या पाण्याने धुतात आणि सावलीत वाळवतात, कारण उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होते. उंदीर कुरतडू नये म्हणून तो तांदळाच्या रिकाम्या डब्यात राहतो. दर महिन्याला आई दिव्याजवळ बसून शिवण तपासते, तांदूळ निवडावेत तशी, एकेक टाका बोटाखालून घालवीत. तिला मी सांगितले होते की एकदा जोराचा हिसका बसला, की वरून धड दिसला तरी पट्टा टाकून द्यायचा. कुणाचा जुना, वापरलेला घ्यायचाही नाही, कारण त्याने काय सोसले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. ती लगेच म्हणाली, "माणसासारख्याच."

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला गेलो, तेव्हा फणसाच्या फांदीवर दोर अजून तसाच होता. मामेभावाच्या सरावासाठी ठेवलेला. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मागच्या दारी गेलो तर आमचा म्हातारा पाडेली मुलाचा पट्टा बांधून जमिनीपासून दोन फुटांवर बसला होता, विडी पेटवून, पाय सोडून. मला बघून तो काही उतरला नाही.

"बसाक बरो आसा," तो म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे, "भावाक दाखवूक व्हयो होतो."

संध्याकाळी त्याने आपल्या घरामागचे दोन माड उतरवले, पायात फक्त काथ्याचा फेरा घालून. मुलगा खाली उभा राहून वर बघत होता.